अहाहा-पंथ आणि हॅ-पंथ

दिवाळी हा दिव्यांचा सण. त्यामुळे दिवाळी अंकात कोणी प्रकाशाविषयी लिहायला घेतले, की त्याने पणत्या, आकाशकंदील आणि अंधारातून उजेडाकडे निघालेली मानवजात यांवर चार गोड वाक्ये लिहावीत आणि वाचकाला फराळाकडे वळू द्यावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ही रीत मी मोडणार आहे. मी प्रकाशाविषयीच लिहिणार आहे. पण मला भांडावयाचे आहे. आणि भांडण सणासुदीलाच काढावे लागते, कारण एरवी घरातली सारी माणसे एका जागी सापडत नाहीत.

माझे भांडण दोन पंथांशी आहे. पहिल्याला मी अहाहा-पंथ म्हणतो. विज्ञानाची एखादी बातमी आली, की या पंथाची मंडळी टाळ्या पिटू लागतात. आता विजेचे बिल बंद, आता गाड्या रुळाला न टेकता धावणार, आता भारनियमन इतिहासजमा! दुसरा हॅ-पंथ. याचे अनुयायी बहुधा आरामखुर्चीत असतात. तीच बातमी ऐकून ते नाक मुरडतात आणि म्हणतात, "हॅ! त्याचा उपयोग काय?" हे दोन पंथ एकमेकांना मूर्ख समजतात. मला विचाराल तर ते सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही बातमी शेवटपर्यंत वाचण्याचा कंटाळा आहे, आणि दोघांनाही विज्ञानाकडून एकच वस्तू हवी आहे: घरपोच माल. एकाला वाटते तो उद्या येणार. दुसऱ्याला वाटते तो कधीच येणार नाही.

ज्या बातमीवरून मी हे भांडण उकरून काढतो आहे ती अशी. लेसरच्या प्रकाशाचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा झोत टाकून काही पदार्थांत अतिसंवाहकता उत्पन्न करता येते, आणि एखाद्या पदार्थात तर चक्क खोलीच्या उष्णतामानाला, असा दावा गेली काही वर्षे होत आला आहे. दावा करणाऱ्यांत प्रमुख आहेत जर्मनीत हँबुर्ग येथे काम करणारे आन्द्रेआ काव्हालेरी आणि त्यांचे सहकारी. माणसे नाणावलेली, प्रयोगशाळा नामांकित, नियतकालिके प्रतिष्ठित. मग भांडण कशाला? सांगतो, पण त्याआधी अतिसंवाहकता म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगितले पाहिजे.

तारेतून वीज वाहू लागली की तार तापते. वाहणारे इलेक्ट्रॉन वाटेत ठेचकाळतात, धडपडतात आणि आपली शक्ती उष्णतेच्या रूपाने गमावून बसतात. या अडथळ्याला रोध म्हणतात. १९११ साली हॉलंडमधील लायडेन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने पारा उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास थंड केला, तेव्हा पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. हे पहिले लक्षण. दुसरे लक्षण १९३३ साली माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवले: असा पदार्थ चुंबकीय क्षेत्राला आपल्या पोटातून बाहेर हाकलतो. म्हणजे अतिसंवाहक म्हणवून घ्यायचे तर परीक्षा दोन. रोध शून्य झाला पाहिजे आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर गेले पाहिजे. वाचकांनी ही गाठ पदराला मारून ठेवावी. पुढे लागणार आहे.

असे का होते, याचा उलगडा १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी केला. पंढरीच्या वाटेवर एकेकटा माणूस गर्दीत घुसला तर दहा ठिकाणी धक्के खातो. पण दिंडी टाळमृदंगाच्या ठेक्यावर निघाली की सारे पाय एकदम पडतात आणि दिंडी सरळ पुढे जाते. थंडीत इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि अशीच दिंडी धरतात. उष्णता वाढली की ठेका चुकतो, दिंडी विस्कटते. १९८६ साली झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत बेड्नोर्ट्झ आणि म्यूलर यांना तांबे व ऑक्सिजन असलेल्या एका संयुगात बऱ्याच वरच्या उष्णतामानाला अतिसंवाहकता सापडली, आणि १९८७ साली तशाच दुसऱ्या संयुगाने उणे १८० अंशांपर्यंत मजल मारली. पण उणे १८० म्हणजेसुद्धा काही दिवाळीची पहाट नव्हे. खोलीच्या उष्णतामानाला, साध्या हवेच्या दाबाखाली, नांदणारी दिंडी कोणालाही सापडलेली नाही.

आता प्रकाशाचे पाहा. प्रकाश पदार्थावर पडला की पदार्थ तापतो. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे ठाऊक आहे. आणि उष्णता तर अतिसंवाहकतेची वैरीण. तेव्हा लेसरचा झोत टाकल्यावर दिंडी विस्कटावी, हेच रास्त. २०११ साली काव्हालेरींच्या गटाने याच्या उलट घडते असे जाहीर केले. तांब्याच्या एका संयुगात इलेक्ट्रॉन पट्ट्यापट्ट्यांनी अडून बसलेले असतात आणि त्यामुळे अतिसंवाहकता जवळजवळ मारलीच जाते. त्या स्फटिकावर अवरक्त किरणांचा झोत पडताच एकदोन पिकोसेकंदांत तिची खूण दिसू लागली! यातले मर्म निवडीत आहे. कोणताही प्रकाश चालत नाही; स्फटिकातील अणूंच्या एका विशिष्ट थरथरीचा जो ताल असेल, नेमका त्याच तालाचा लागतो. ओटीवरच्या झोपाळ्याला धक्के देणाऱ्या मुलाला हे गणित येते. वेळीअवेळी दांडगाई केली तर कड्या करकरतात आणि झोपाळा जागच्या जागी डगमगतो. तालावर बोट लावले तरी आभाळाला भिडतो.

२०१४ साली याच मंडळींनी तांबे, बेरियम, यिट्रियम आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात खोलीच्या उष्णतामानापर्यंत अशी लक्षणे दिसल्याचे सांगितले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथल्या क्ष-किरण लेसरने त्यांनी त्या क्षणी स्फटिकात काय हालले तेही मोजले. तांबे-ऑक्सिजनचे दुहेरी थर सुमारे दोन पिकोमीटरने जाड झाले होते. अणूच्या व्यासाचा हा जेमतेम शंभरावा भाग. २०१६ साली साठ कार्बन अणूंच्या चेंडूंत पोटॅशियम भरलेल्या पदार्थाची पाळी आली. एरवी तो उणे २५३ अंशांच्या खाली अतिसंवाहक होतो. झोताखाली त्याने उणे १७३ अंशांपर्यंत तशी लक्षणे दाखवली.

इथे अहाहा-पंथाने उडी घेतली. "खोलीच्या उष्णतामानाला" एवढे दोन शब्द त्यांच्या हाती लागले आणि बाकीचे वाक्य त्यांनी टाकून दिले. टाकलेल्या वाक्यात एक शब्द होता: पिकोसेकंद. एका सेकंदाचे एक लक्ष कोटी भाग करा; त्यांतला एक भाग म्हणजे पिकोसेकंद. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्या अवधीत मिलिमीटरचा तिसरा हिस्सासुद्धा ओलांडत नाही. आता हिशेब करू. लेसर दर सेकंदाला हजार झोत सोडतो आणि प्रत्येक झोतामागे एक पिकोसेकंद अतिसंवाहकता टिकते असे धरा. तर या साऱ्या क्षणांची बेरीज एक पुरा सेकंद व्हायला लेसर रात्रंदिवस सुमारे बत्तीस वर्षे चालवावा लागेल. शिवाय हा प्रकाश पदार्थात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकासुद्धा खोल शिरत नाही. या भांडवलावर कोणी विजेच्या बिलाची होळी करायला निघाला असेल, तर त्याने आपले मीटर आधी एकदा पाहून घ्यावे.

यात कोणाचे काय बिघडले, लोकांना थोडी आशा वाटली तर वाटू दे, असे कोणी म्हणेल. बिघडते, आणि पुष्कळ बिघडते. ज्यांना टाळ्या पिटण्याची सवय लागते त्यांना खरे-खोटे निवडण्याची सवय सुटते. २०२० साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या एका गटाने प्रचंड दाबाखाली १५ अंश सेल्सियसला अतिसंवाहकता मिळाल्याचे 'नेचर'मध्ये जाहीर केले. २०२२ साली तो लेख नियतकालिकाने मागे घेतला. त्याच गटाचा २०२३ सालचा दुसरा दावा त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. त्याच वर्षीच्या जुलैत कोरियातील काही संशोधकांनी शिसे आणि तांबे असलेला 'एलके-९९' नावाचा पदार्थ पुढे आणला. चुंबकावर अर्धवट उचलला गेलेला त्याचा कपचा मोबाइलवरून घरोघर फिरला. महिन्याभरात ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ पुन्हा बनवून पाहिला आणि त्यात अतिसंवाहकता नाही, हा निर्वाळा दिला. अहाहा-पंथाने या तिन्ही वेळी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि हँबुर्गच्या कामालाही त्याने याच माळेत ओवले. मागे घेतलेला लेख, फसलेला कपचा आणि वर्षानुवर्षे चिकाटीने चाललेले वादग्रस्त पण प्रामाणिक काम यांना एकाच सुरात दाद मिळाली. हा त्या प्रामाणिक कामाचा अपमान आहे.

मी तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. मागे एका तालुक्याच्या गावी शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनाला मला बोलावले होते. प्रमुख वक्ते दुसरे होते. त्यांनी लेसर आणि अतिसंवाहकता यांवर रसाळ भाषण केले आणि पाच वर्षांत घरोघर फुकट वीज येणार, असे आश्वासन दिले. टाळ्या झाल्या. मग नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एवढ्या थोड्या वेळात रोध मोजला कसा?" वक्त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "बाळ, वेळ झाली आहे," असे म्हणून त्यांनी तिला बसवले. तिच्या शेजारच्या मुली हसल्या. चहाच्या वेळी मी तिला शोधले, पण तिची एस. टी. निघून गेली होती.

त्या मुलीला ठाऊक नव्हते, पण तिने विचारलेला प्रश्न हाच या साऱ्या विषयातला कळीचा प्रश्न आहे. इतक्या अल्प काळात स्फटिकाला तारा जोडून रोध मोजणे सोपे नाही. म्हणून पहिल्या झोतामागोमाग दुसरा, सौम्य झोत पाठवतात आणि तो पदार्थावरून कसा परततो ते पाहून आत काय घडले असेल याचे अनुमान काढतात. आता गंमत अशी, की पहिला झोत वरवरच्याच थरात जिरतो आणि दुसरा त्याहून खोल जातो. तेव्हा बदल किती खोलीवर किती झाला, हे गृहीत धरूनच आकडेमोड करावी लागते. २०२३ साली कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाचे स्टीव्हन डॉज आणि त्यांचे दोन सहकारी यांनी त्या कार्बन-चेंडूंच्या पदार्थाविषयी नेमका इथेच आक्षेप घेतला. प्रकाश वाढवत नेला तरी वरच्या थरातला बदल एका मर्यादेपुढे वाढत नाही, तो तुंबतो असे धरले, तर त्याच आकड्यांतून अतिसंवाहकतेचा आभास निर्माण होऊ शकतो, असे त्यांनी दाखवले. नववीतल्या मुलीने टाचा उंचावून विचारलेली शंका जगातल्या एका नामवंत नियतकालिकात छापून आली होती. आपण मात्र तिला खाली बसवले.

हे वाचून हॅ-पंथ आरामखुर्चीत सावरून बसला असेल. "पाहा, आम्ही म्हणतच होतो! सगळे थोतांड." थांबा. तुमची पाळी आता आहे.

थोतांड कशाला म्हणतात? ज्याला आक्षेप घेतल्यावर ते पळून जाते त्याला. हँबुर्गकर पळाले नाहीत. आक्षेप छापून येण्याआधीच, २०२१ साली, त्यांनी अधिक लांब झोत वापरून त्याच पदार्थात ही अवस्था सुमारे दहा नॅनोसेकंद टिकवल्याचे आणि तारा जोडून विजेच्या प्रवाहानेही ती तपासल्याचे प्रसिद्ध केले होते. दहा नॅनोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाच्या दहा हजार पट. २०२३ साली त्यांनी झोताचा ताल बदलून पाहिला, तेव्हा पूर्वीच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याच्या प्रकाशात काम भागल्याचे दिसले. आणि २०२४ साली, तांब्याच्या त्या संयुगाच्या बाबतीत, त्यांनी दुसरी परीक्षा दिली. पदराला मारलेली गाठ आता सोडा: चुंबकीय क्षेत्र बाहेर जाते का? स्फटिकाच्या शेजारी दुसरा एक स्फटिक ठेवून त्यांनी चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजला आणि झोत पडताच क्षेत्र हाकलले जाते, असे 'नेचर'मध्ये मांडले. याने वाद संपला का? नाही. एकाच्या प्रयोगशाळेत दिसलेले दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसले पाहिजे, आणि रोधाची व चुंबकाची साक्ष एकमेकींशी जुळली पाहिजे. माझ्या मते या कामाला 'अतिसंवाहकतेची लक्षणे' म्हणावे. 'अतिसंवाहकता' हा किताब अजून देऊ नये. पण लक्षणे दिसणे आणि थोतांड असणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि हे अंतर ज्याला दिसत नाही त्याने स्वतःला चिकित्सक म्हणवून घेऊ नये. सर्वांवर अविश्वास दाखवायला सर्वांवर विश्वास ठेवण्याइतकेच कमी श्रम पडतात.

राहिला उपयोगाचा प्रश्न. कामरलिंग ओनेस यांना १९११ नंतर लवकरच वाटू लागले होते, की या शोधातून बलाढ्य चुंबक बनवता येतील. त्यांना ते जमले नाही, कारण तेव्हाचे अतिसंवाहक थोड्याशा चुंबकीय क्षेत्रातच गुण टाकत. जोरदार क्षेत्रात टिकून मोठा प्रवाह वाहून नेणारी नायोबियम-कथिलाची तार १९६१ साली सिद्ध झाली. मध्ये पन्नास वर्षे गेली. त्या पन्नास वर्षांत हॅ-पंथाच्या दोन पिढ्या सुखाने "उपयोग काय?" असे विचारीत निवर्तल्या असतील. आज त्यांच्या नातवाला कंबरदुखीसाठी एमआरआयच्या नळीत सरकवतात, तेव्हा त्याच्याभोवती द्रवरूप हेलियमने थंड केलेले अतिसंवाहक तारेचेच वेटोळे असते.

पण मी उपयोगाची ही साक्ष काढली ती केवळ हॅ-पंथाच्या भाषेत बोलायचे म्हणून. माझा खरा मुद्दा वेगळा आहे. पदार्थ त्याच्या मर्जीने शांत बसला असता जसा दिसतो तेवढाच तो असतो, असे आपण शतकभर मानत आलो. थंड केला की एक रूप, तापवला की दुसरे. प्रकाशाच्या ठेक्यावर त्याला नाचवत ठेवले तर त्याचे तिसरे, एरवी कधीच न दिसणारे रूप प्रकट होते का, हा आज विचारला जाणारा प्रश्न आहे. तो अगदीच निराधारही नाही. १९६६ साली कथिलाच्या पातळ पट्टीवर सूक्ष्मतरंग सोडले असता तिची अतिसंवाहकता किंचित बळावते असे आढळले होते, आणि १९७० साली एलियाशबर्ग यांनी त्याची मीमांसाही केली होती. या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले तरी जग बदलेल आणि 'नाही' आले तरी आपले ज्ञान वाढेल. ज्याला यात काहीच रस नाही त्याला वीज फुकट मिळाली तरी तो त्या उजेडात काय वाचणार आहे?

दूर कशाला जा? मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१६ च्या डिसेंबरात शुद्ध बिस्मथचा स्फटिक अतिसंवाहक होतो असे दाखवले. किती उष्णतामानाला? केवल शून्यापासून अर्धा सहस्रांश अंश वर, अचूक सांगायचे तर ०.०००५३ केल्व्हिनला. बिस्मथमध्ये दर लाख अणूंमागे जेमतेम एखादा इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो. एवढ्या थोड्या वारकऱ्यांची दिंडी कशी जमते, हे १९५७ च्या उपपत्तीला नीट सांगता येत नाही. म्हणून तो शोध मोलाचा. अहाहा-पंथाला त्याची खबर लागली नाही, कारण त्यात फुकट वीज नव्हती. हॅ-पंथाने तो हसण्यावारी नेला असता, पण तेवढेही कष्ट त्याने घेतले नाहीत. हे काम आपल्या दारात, आपल्याच करांतून झाले! उडत्या गाड्यांची आश्वासने फसली आणि लोक चिडून विज्ञानाचा पैसा तोडा म्हणू लागले, तर कात्री अशा मुक्या कामावरच आधी चालते. म्हणून मी अहाहा-पंथाला निरुपद्रवी मानत नाही.

मग करायचे काय? वृत्तपत्रांना माझे सांगणे आहे, की "खोलीच्या उष्णतामानाला" असे छापाल तेव्हा त्याच ओळीत तीन गोष्टी छापा: किती वेळ, किती खोल आणि कोणत्या परीक्षेने. शास्त्रज्ञांना सांगणे आहे, की तुमचे काम उडत्या गाडीच्या आमिषावाचूनही आकर्षक आहे. लोकांना ते सांगून तर पाहा. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगणे आहे, की मूल "मोजले कसे?" असे विचारील तेव्हा घड्याळाकडे पाहू नका. उत्तर येत नसेल तर "चल, मिळून शोधू" म्हणा. खोटा लेख ओळखणारा आणि खऱ्या लेखाची कदर करणारा माणूस या एकाच प्रश्नातून वाढतो. त्याला दुसरी शाळा नाही.

यंदा फराळाला बसाल तेव्हा दोन्ही पंथांची मंडळी पंगतीत असणारच. कोणी "अहाहा" म्हणाले, तर "किती वेळ?" असे विचारा. कोणी "हॅ" म्हणाले, तर "का बरे?" असे विचारा. थोडी धुसफूस होईल; होऊ द्या. फराळाचे डबे भरलेले असताना झालेले भांडण फार दिवस टिकत नाही, पण त्यातला प्रश्न एखाद्या पोराच्या डोक्यात घर करून राहतो.